उजेडाला धरलेलं कापड

प्रिय भिंगरी,

उद्या सकाळी तुझ्या डोळ्यांवर लेझरचं ऑपरेशन आहे, हे मला कळलं आहे. आत्याने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी तू राहायला तिच्याच घरी गेलीस आणि तिलाच सगळं सांगून बसलीस. म्हणजे हे माझ्या कानावर जावं असं कुठेतरी तुलाही वाटत असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. परवा तिचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग तिच्या शेजारणीच्या सुनेचं पुराण झालं, आणि मग एकदम आवाज खाली करून म्हणाली, "अरे, पोरीने दुसरा डॉक्टर गाठलाय. पहिल्यांनी नाही म्हटलेलं त्याला सांगितलंच नाहीये तिने. मी तुला काही बोलले नाही हं." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि लगेच पुन्हा केला, कारण ऑपरेशन कधी ते सांगायचं राहिलं होतं.

अक्षर हलतंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. मागच्या वेळी तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही घाबरट आहात. डॉक्टरांनी तुम्हाला हो म्हटलं तरी तुम्ही पळून आलात, आणि आता मलाही घाबरवताय." आणि फोन बंद. पत्राचं त्या मानाने बरं असतं. ते मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाटलेलं जोडणं हा तर माझा धंदाच आहे.

तुला काय हवंय हे मला समजत नाही, असं समजू नकोस. आपल्या दुकानासमोरच्या गोदामाला आग लागली तेव्हा तू माझ्या कमरेएवढी होतीस. सगळी गर्दी मागे सरकत होती. तुझी आई दुकानातले लोकांचे कोट बोचक्यात बांधत होती. आणि तू माझ्या हातातून हात सोडवून पुढे गेलीस. धुरातून अग्निशामक दलाचा एक जवान बाहेर आला, त्याच्या खांद्यावर गोदामाचा म्हातारा पहारेकरी होता, आणि त्या पहारेकऱ्याने एवढ्या गडबडीतही हातातली चहाची किटली सोडली नव्हती. सगळे त्या किटलीला हसले. तू हसली नाहीस. तू त्या खांद्याकडे बघत होतीस. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता त्या दलाच्या भरतीत तू धावण्यात पास झालीस, दोर चढलीस, माणसाएवढा पुतळा खांद्यावर टाकून जिने चढून गेलीस. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. तुझी आई शेजारी डोळे मिटून उभी होती आणि मला विचारत होती, "पोचली का? पोचली का?" राहिली ती फक्त नजरेची तपासणी. चष्म्याशिवाय समोरची ओळ वाचता आली पाहिजे, लेझर केलेलं चालेल, पण ते काही महिने आधी झालेलं हवं. म्हणून तुला घाई आहे. घाईचं कारण खरं आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

आपल्या दोघांचेही डोळे लांबच्या बाबतीत अधू. तुला लहानपणी मुलं 'ढापणी' म्हणायची आणि तू त्यांना चोपून घरी यायचीस. मला चोपता येत नव्हतं. गावच्या शाळेत फळा मला कधी दिसलाच नाही. फळ्याच्या जागी एक काळा ढग असायचा आणि त्यातून मास्तरांचा आवाज यायचा. मी सगळं ऐकून पाठ करायचो, त्यामुळे हुशार समजला गेलो आणि कुणाला काही कळलं नाही. पुस्तक मात्र नाकाला लावून वाचायचो, म्हणून पोरांनी नाव ठेवलं 'हुंग्या'. पुढे मास्तरांनीच ओळखलं आणि स्वतः तालुक्याला नेऊन चष्मा करून आणला. तो लावून वर्गात बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की मास्तर ओरडत असतात तेव्हा त्यांच्या मिशीखाली हसू असतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला उगाच घाबरत होतो. लांबचं नीट दिसणं म्हणजे काय, हे मला त्या मिशीने शिकवलं. तेव्हा तुला नीट दिसू नये असं तुझ्या बापाला वाटेल, हे शक्य नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण त्यातलं अर्धंच तुला माहीत आहे. आपण त्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो होतो. मी फक्त सोबत म्हणून. तुला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, आत गोल गोल कडी दिसतात म्हणालीस, आणि पडद्यावर तुझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा आला. तिथला तरुण सहाय्यक मोठा बोलका. मला म्हणाला, "काका, बसलाच आहात तर तुमचंही बघू." मी बसलो. आधी बाईंनी तुझा नकाशा पाहिला, बराच वेळ पाहिला, डाव्या डोळ्याचा पुन्हा काढायला लावला. मग खुर्ची तुझ्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "लेझर तुझ्यासाठी नाही." तू विचारलंस, का. त्या सांगू लागल्या की कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा तो काचेसारखा पडदा, तुझा पातळ आहे आणि डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला पुढे येऊ लागल्यासारखा दिसतोय. केरॅटोकोनसची, म्हणजे हा पडदा शंकूसारखा पुढे येत जाण्याच्या आजाराची, ही सुरुवात असू शकते. एवढ्यात त्या सहाय्यकाने आतून माझा कागद आणला आणि मोठ्यांदा म्हणाला, "पण काकांचा डोळा एकदम फर्स्ट क्लास! जाडी भरपूर, नंबर कित्येक वर्षं हललेला नाही. काका, तुम्ही करूनच टाका." भल्या माणसाला वेळकाळ कळत नाही ते असं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि उठून बाहेर निघून गेलीस. तुझी ती नजर मी विसरलेलो नाही. तुझ्या ताटातलं मी ओढून घेतलं असावं, तसं तू पाहिलंस.

तू गेल्यावर मी लगेच का आलो नाही, ते ऐक. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी म्हटलं, रफू. त्यांना वाटलं शिंपीकाम. मी म्हटलं, शिवण नाही, फाटलेल्या जागी धागे विणून पुन्हा कापड करायचं, बघणाऱ्याला कळू नये असं. "ते तुम्हाला दिसतं कसं?" असं त्यांनी विचारलं. मी चष्मा कपाळावर चढवला, त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही नाकाशी धरली आणि सांगितलं की इथे एक आडवा धागा ओढला गेलाय, खिशाच्या पेनाला अडकला असेल. त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मग तुम्ही हे ऑपरेशन अजिबात करू नका." मला कळेना, आत्ताच तर फर्स्ट क्लास म्हणाले. तेव्हा त्यांनी समजावलं. माझ्यासारख्याला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही, पण वीतभर अंतरावरचं, त्याहूनही जवळचं, लख्ख दिसतं. ते माझं जन्मजात भिंग आहे. लेझरने लांबचं सुधारलं की ते भिंग जातं. तरुण माणसाला फरक पडत नाही, त्याच्या डोळ्याच्या आतलं भिंग लवचीक असतं, ते हवं तसं जवळ-लांब करून घेतं. माझ्या वयात ते ताठर झालेलं असतं. म्हणजे मला रस्त्यापलीकडची पाटी बिनचष्म्याची वाचता आली असती, आणि सुईचं नाक, कापडाचा ताणा-बाणा हे सगळं धुक्यात गेलं असतं. मग जवळचा चष्मा आणि त्यावर आणखी भिंग लावून बसा. त्या म्हणाल्या, "डोळा योग्य आहे, माणूस योग्य नाही."

भिंगरी, मी पळालो नाही. खरं सांगायचं तर माझं मन त्या क्षणी लालचावलं होतं. सकाळी डोळे उघडल्यावर चाचपडत चष्मा शोधायचा नाही, ही केवढी चैन! रोज आंघोळीनंतर मी देवापुढे बिनचष्म्याचाच उभा राहतो. समोर फक्त एक उजळ ठिपका दिसतो. मूर्तीचा चेहरा कसा आहे ते मला नीट आठवावंच लागतं. पण माझं काही अडलेलं नाही, देवाला माझा नंबर माहीत आहे. आणि हात जोडून झाले की पुन्हा त्याच उघड्या डोळ्यांनी मी कापड हातात घेतो, ज्यांनी मला, तुझ्या आईला आणि तुला इतकी वर्षं सांभाळलं. तुझी आई परवासुद्धा म्हणाली, "इतक्या जवळून तर तुम्ही कधी मलाही पाहिलं नाहीत." मी हे तुला त्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण तू सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होतीस. आणि तुला नाही म्हटलेलं असताना आपल्याला हो का म्हटलं आणि आपण नको का म्हणालो, हे सांगणं मला त्या वेळी बढाईसारखं वाटलं.

लेझर म्हणजे काय हेही मी तेव्हा बाईंना खोदून विचारून घेतलं. माझी कल्पना होती की डोळ्यावर काहीतरी चढवतात, चष्म्याची काचच जणू आत बसवतात. तसं नाही. लेझर काही चढवत नाही, उतरवतो. कॉर्निया तासून त्याला वेगळी गोलाई देतो. जेवढा नंबर मोठा तेवढं जास्त तासावं लागतं, आणि तासलेलं पुन्हा वाढत नाही. म्हणून आधी बघायचं असतं की मूळची जाडी पुरेशी आहे का, तासल्यावर जे उरेल ते डोळ्याच्या आतला दाब आयुष्यभर पेलेल का, पडद्याचा आकार सारखा आहे का, नंबर वर्ष-दीड वर्ष स्थिर आहे का, डोळे कोरडे तर पडत नाहीत. बहुतेकांचं सगळं ठीक निघतं, आणि त्यांचं उत्तम होतं. बाईंनी स्वतःच्या बहिणीचं केलंय. त्यांचा लेझरला विरोध नाही, आणि माझाही नाही. तुझा नंबर गेल्या वर्षभरात वाढलाय. तू डोळे चोळतेस, आई ओरडते तरी चोळतेस. आणि तुझा पडदा जिथे पातळ आहे, तिथेच तो पुढे येतोय. अशा डोळ्याला तासलं तर त्या दिवशी, त्या महिन्यात छान दिसेल. मग उरलेलं दाब सोसेनासं होऊन तो पडदा हळूहळू फुगत जाऊ शकतो. तेव्हा चष्म्यानेही धड दिसत नाही. फार बिघडलं तर दुसऱ्या कुणाचा पडदा बसवायची वेळ येते.

हे ऐकताना मला आपला बँडवाला आठवला. लग्नाच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य वाजवणारा, गाल फुगवून बोलणारा, तुला टोपी घालायला द्यायचा तोच. त्याचा लाल गणवेशाचा कोट कोपरावर फाटला, म्हणून घेऊन आला. मी नेहमीप्रमाणे कापड उजेडाला धरलं. भोकाच्या आजूबाजूला हातभर कापड चाळणीसारखं झालेलं. मी म्हटलं, दादा, हे टाका धरणार नाही. तो भडकला. "धंदा करायचा नाही तर दुकान कशाला उघडलंस?" म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे गेला. चार दिवसांनी कोट घालून मुद्दाम दाखवायला आला, कोपर माझ्या नाकाशी आणून म्हणाला, "हुंग!" मी चष्मा वर करून पाहिलं. काम अप्रतिम होतं. मला असं जमलं असतं की नाही, शंका आहे. मी तसं त्याला म्हटलंही. पुढे भर मिरवणुकीत त्याने वाद्य वर उचललं आणि बाही फाटली. ते रफू जसंच्या तसं राहिलं होतं, एक धागा हलला नव्हता. शेजारचं कापड गेलं होतं. कारागिराची चूक नव्हती, सुईची नव्हती. चूक एवढीच होती की कापड कुणी उजेडाला धरलं नाही. त्या दिवशी तुला नाही म्हणणाऱ्या बाई मला अगदी आपल्या गल्लीतल्या वाटल्या. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस आपल्यावर उखडलेलं असतं असं तुला वाटतं. मी गिऱ्हाइकं परत पाठवतो, तेव्हा माझ्या मनात काय असतं ते मला माहीत आहे.

आता तू आत्याला जे सांगितलंस त्याबद्दल. तू तिला म्हणालीस, "पहिला नकाशा चुकलाच असणार. तपासणीआधी दोन-तीन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका असं सांगितलं होतं, पण मी आदल्या संध्याकाळपर्यंत घातल्या होत्या. लेन्सने डोळ्याचा आकार बदलतो, मी वाचलंय." हे ऐकून आधी मी कपाळाला हात लावला. ते चष्म्याशिवाय लोकांत जायला मिळावं म्हणून झालं, हे मला लगेच कळलं. तुझ्यातली ती ढापणी म्हटलेली मुलगी अजून चिडलेली आहे. पण मग मला वाटलं, मुद्दा खोटा नाही. तुला घाबरट वाटणारा तुझा बाप दुकान लवकर बंद करून त्याच संध्याकाळी एकटा बाईंकडे गेला. मी त्यांना लेन्सचं सगळं सांगितलं. तुझी चुगली केली म्हण हवं तर. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "होऊ शकतं. लेन्समुळे असा नकाशा कधी कधी येतो. काढून ठेवू दे, मग आपण पुन्हा बघू, दोन वेळा बघू." मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलोच. त्यांनी मला पुन्हा बसवलं. म्हणाल्या, "मी आशा लावत नाही. डाव्या डोळ्याची जाडी लेन्समुळे एवढी कमी दिसत नाही. मला स्वतःला ती सुरुवातच वाटते." तसं निघालं, तर लेझरऐवजी दुसरं काहीतरी करावं लागेल. त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. डोळ्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालून वर विशिष्ट प्रकाश सोडतात, त्याने पडदा कडक होतो आणि बहुतेक वेळा फुगणं तिथेच थांबतं. नंबर त्याने जात नाही, चष्मा राहतो. पण डोळा राहतो.

तर असं आहे. तू नव्या डॉक्टरांकडे गेलीस ती लेन्स घालूनच दिवस काढत, आणि पहिला नकाशा लपवून. त्यांनी जाडी मोजली, ती जेमतेम बसली. तू सांगितलं असतंस तर ते आणखी खोलात गेले असते, कोण जाणे. त्यांना मी ओळखत नाही, त्यांना बोल लावत नाही. बँडवाल्याने पलीकडच्या कारागिराला तरी कुठे सांगितलं होतं की मी नाही म्हटलंय?

तू काय म्हणशील हेही मला माहीत आहे. "बाबा, दोन-तीन आठवडे थांबले तर ही भरती गेली." हो, गेली. मी गोड बोलून ते झाकणार नाही. ही भरती जाईल. आणि बाईंचं म्हणणं खरं ठरलं, तर पुढच्याही जातील. खांद्यावर माणूस घेऊन धुरातून बाहेर येणं हे तुझ्या नशिबात कदाचित नसेल. हे वाक्य लिहिताना मी थांबलो होतो, इथे शाईचा ठिपका पडलाय तो त्यामुळेच. तुझ्या वयाच्या मुलीला हे सांगण्यापेक्षा मी काहीही पत्करलं असतं. मी देवाला विचारलं, की माझा जाड पडदा तिला आणि तिचा पातळ मला, एवढी अदलाबदल करायला काय हरकत होती?  पण तुझ्या बापाला फाटलेल्यासमोर बसायची सवय आहे. नोकरी फाटली तर तिच्यासमोर आपण तिघं मिळून बसू, कुठून धागा घ्यायचा ते बघू. डोळा फाटला तर मला त्याचं रफू येत नाही.

म्हणून मी ठरवलंय, आणि ते तुला आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर बापाने फसवलं असं व्हायला नको. पहिला नकाशा या पाकिटात आहे, घरच्या कपाटातून आणलाय. तुला उद्या जायचंच असेल तर मी अडवणार नाही. तू जाणती आहेस, मी तुझा हात धरून ओढणार नाही. पण मी बरोबर येईन, आणि डोळ्यात थेंब पडायच्या आत हा नकाशा त्या डॉक्टरांच्या टेबलावर असेल, लेन्सच्या हकिगतीसकट. तू ठेवलास तर तुझ्या हाताने. नाही ठेवलास तर माझ्या. त्यापायी तू माझ्याशी वर्षभर बोलली नाहीस तरी चालेल. मला फळा दिसत नव्हता तेव्हाही मी ऐकून दिवस काढले आहेत, तुझा आवाज आईकडून ऐकून घेईन.

आता हे पत्र टपालात का टाकलं नाही ते सांगतो. मी आज पहाटेच्या गाडीने इथे आलोय. आत्या दूध आणायला खाली उतरली की तिच्या हाती पाकीट देणार आहे. मला वर ये म्हणेल, मी येणार नाही. वर आलो की आपण भांडू आणि पत्र वाचायचं राहून जाईल. पाकिटासोबत एक डबी आहे. तू ड्रॉवरमध्ये टाकून दिलेला तुझा जुना चष्मा त्यात आहे. त्याची एक काडी मोडली होती, ती मी बसवली, आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून नव्या नंबरच्या काचा घालून घेतल्या. तो म्हणाला, "नवी फ्रेम घ्या की, पोरगी हसेल." मी म्हटलं, हसू दे. तर आता एवढंच कर. लेन्स काढ, त्यांच्या डबीत ठेव आणि झाकण लाव. हा चष्मा लाव आणि खिडकीशी ये. रस्त्यापलीकडे झाडाखाली जो बाक आहे, त्यावर मी बसलोय. आत्याची एक जुनी शाल मी पाकीट देतानाच तिच्याकडून रफूला मागून घेणार आहे, शालीला कसर लागलीय म्हणत होती. मला कितीही वेळ बसता येतं, तो माझ्या कामाचाच भाग आहे. फक्त एक आहे. काम करताना माझा चष्मा कपाळावर असतो, तेव्हा तू खिडकीत आलेली मला दिसणार नाहीस. म्हणून तू हाक मार.

तुझाच,
हुंग्या बाबा